रद्दीवाल्या मॅडम

पहिल्या भेटीत माणूस पाणी मागतो, फार तर बसायला खुर्ची मागतो. या बाईंनी माझ्याकडे कचऱ्याची पेटी मागितली. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांचा एक कारखाना होता, तिथं मी तेव्हा डिस्पॅच सांभाळत होतो. म्हणजे तयार माल ट्रकमध्ये चढवायचा आणि ट्रक फाटकाबाहेर पडला की हुश्श करायचं. शेठनी सांगितलं होतं, "चौधरी, इंजिनिअरिंग कॉलेजातून कोणी तज्ज्ञ येणार आहेत. हवं-नको बघा." मी टाय लावलेला, चष्म्यावरून बघणारा एखादा सर येणार असं धरून टेबल पुसलं, कोऱ्या लेबलांचा गठ्ठा मांडला. आल्या त्या तिशीतल्या एक बाई, मोपेडवरून, डोक्याला उन्हासाठी घट्ट रुमाल बांधून. गठ्ठ्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. "ही चांगली लेबलं राहू द्या, भाऊ. चांगलं काय, कोणीही वाचतं. तुमची फाटलेली, मळलेली, तेल सांडलेली कुठं टाकता?" मी गुपचूप टेबलाखालची पेटी पुढं सरकवली. बाईंनी पदर खोचला, फरशीवर फतकल मारली आणि एकेक चुरगळलेला कागद मांडीवर सरळ करायला लागल्या.

हमालांनी त्याच दुपारी नाव ठेवलं, रद्दीवाल्या मॅडम. कारखान्यात नाव पडायला वेळ लागत नाही, मलाही एक होतं, ते सांगत नाही. पण बाईंच्या कानावर ते नाव गेलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, कॉलेजातली बाई, आता शेठकडे तक्रार जाणार. त्या मात्र खळखळून हसल्या. म्हणाल्या, "बरोबरच आहे की! फक्त आरोळी ठोकायची शिकायला हवी मला." आणि पुढं खरोखरच फाटकातून आत येताना "है का भंगार, रद्दी!" अशी हाळी देऊन यायच्या. फाटकावरचा म्हातारा रखवालदार दर वेळी दचकायचा आणि दर वेळी हसायचा.

त्या कशासाठी आल्या होत्या ते सांगतो. आमच्या चटया आखातात आणि आफ्रिकेत जायच्या. चटई गुंडाळायची, वर पिशवी चढवायची, पिशवीवर लेबल चिकटवायचं. लेबलावर काळ्या काड्या असत, ज्याला बारकोड म्हणतात तो. आज किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावरही असतो, पण नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्याकडे ते अप्रूप होतं. आधी आम्ही ट्रकची यादी हातानं लिहायचो. त्यात कधी मस्कतची गुंडाळी नैरोबीच्या ढिगात जायची, कधी उलट. मुंबईचा एजंट वैतागला. त्यानं फर्मान काढलं की हाताची यादी चालणार नाही, प्रत्येक नग मशीननं वाचायचा आणि मशीनचीच यादी पाठवायची. शेठनी तांबडा उजेड टाकणारी एक परदेशी बंदूक आणली. ती बंदूक त्यांच्या केबिनमध्ये पुस्तकावर धरली की टुक्‌कन वाजायची. आमच्या मालावर धरली की मुकी. चटई गोल, त्यामुळं लेबल वाकायचं आणि कडेच्या काड्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्यासारख्या दिसायच्या. त्यात कारखान्याची भुकटी, पिशवीची चमक, हमालांचे घामट हात. गुंडाळ्या फाटकाशी अडायच्या, ट्रक उभे राहायचे, ड्रायव्हर माझ्या नावानं शिमगा करायचे.

शेठनी खापर फोडलं ते लेबलांच्या टेबलावर. त्या टेबलावर पाच-सहा बायका होत्या आणि त्यांच्या म्होरक्या सुमनअक्का. ठेंगणीठुसकी बाई, आवाज मात्र भोंग्यासारखा. नवरा बिछान्याला खिळलेला, मुलगी धुळ्याला नर्सिंग शिकत होती, सगळं घर अक्कांच्या पगारावर. शेठ म्हणाले, "या बायका वाकडं चिकटवतात. हंगाम संपला की हे काम ठेकेदाराला देऊन टाकू. तो आपली माणसं आणील." अक्का थेट माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "चटई गोल शे, भाऊ. मी काय करू तिले?" मी लेबलांचा गठ्ठा मोजायला लागलो. नोकर माणूस. पण त्या संध्याकाळी मला जेवण गोड लागलं नाही, हे खरं. या बायका गेल्या असत्या तर त्यांचा काही गुन्हा नसताना गेल्या असत्या.

मॅडमचं काम हे असं होतं. हंगाम संपायच्या आत मशीन वाचायला लागलं तर टेबल राहणार, नाहीतर अक्कांची सुट्टी. शेठनी हे बाईंना तोंडावर सांगितलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "हंगामापर्यंत त्यांना हलवायचं नाही, हे मात्र कबूल करा." शेठनी कबूल केलं.

मला वाटलं होतं, आता बाई त्या बंदुकीचे स्क्रू काढणार. त्यांनी तिला हातही लावला नाही. कॉलेजातून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याला एक पेनासारखी नळी जोडली. नळी लेबलावरून फिरवली की पडद्यावर डोंगर-दऱ्यांसारखी रेघ उमटायची. मी विचारलं, "मॅडम, याला नियम सांगून टाका ना, जाड काडी म्हणजे अमुक, बारीक म्हणजे तमुक." त्या म्हणाल्या, "नियम त्या बंदुकीला सगळे पाठ आहेत, भाऊ. म्हणूनच ती अडते." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही सावद्याचे ना? केळीचा घड कापायला आला, हे पोरांना कसं शिकवता?" मी म्हटलं, "शिकवतो कसले! बापाबरोबर बागेत हिंडतात, बघून बघून येतं." "सुरुवातीला चुकतात?" "चुकतात तर! कच्चा घड कापला की बाप पाठीत धपाटा घालतो." बाईंनी टाळी वाजवली. "झालं तर मग! याला पण बागेत हिंडवायचं आहे. फक्त धपाटा घालायचा नाही." माझ्यासारख्या मॅट्रिक माणसाला ते जे कळलं ते आजतागायत विसरलेलो नाही. हल्ली माझा नातू मोठमोठे शब्द वापरून तेच सांगतो, तेव्हा मी त्याला म्हणतो, अरे जा, आम्ही हे केळीच्या बागेवरून शिकलो.

बागेत हिंडवायचं म्हणजे लेबलांमागून लेबलं दाखवायची. आणि प्रत्येक लेबलाखाली जे आकडे छापलेले असतात ते कोणीतरी टाइप करून द्यायचे, म्हणजे खरं उत्तर काय ते यंत्राला कळणार. हे काम मॅडमनी कोणाला द्यावं? अक्कांना! मी कपाळाला हात लावला. अक्का की-बोर्डजवळ जायला तयार होईनात, पदराला हात पुसत उभ्या. मॅडम आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण मूळच्या चाळीसगावच्या, अक्कांची अहिराणी त्यांच्याही घरातली. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा अक्का. हाई काय चावत नही." अक्का एकदम सैल झाल्या. एका बोटानं आकडे दाबायला लागल्या. प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणायच्या आणि मगच दाबायच्या. ते भोंग्यासारखे आकडे पार फाटकापर्यंत ऐकू जायचे.

मॅडमची एक खोड मला फार डाचायची. यंत्र चुकलं की त्यांना आनंद व्हायचा. "चुकलं? छान! दाखवा, दाखवा." बरोबर आलं तर नुसतं हूं म्हणायच्या आणि पुढं सरकायच्या. इकडं ट्रक खोळंबलेला, तिकडं शेठ खिडकीतून डोळे वटारतायत, आणि ही बाई चुकलेल्या लेबलाला भिंगाखाली धरून कौतुक करतेय! एकदा मी चिडलोच. म्हटलं, "मॅडम, तुम्हाला काय जातंय? तुम्ही घरी जाल, शिव्या मला बसतात." त्या जराही दुखावल्या नाहीत. डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं केला. "आधी जेवा. रिकाम्या पोटी माणूस मशीनपेक्षा जास्त चुकतो." ठेचा असा जहाल होता की डोळ्यांतून पाणी आलं आणि भांडण तिथंच राहिलं.

दिवाळीनंतर यंत्र बऱ्यापैकी वाचायला लागलं. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. प्रत्येक ट्रकची पहिली गुंडाळी हमखास अडायची. बाकीच्या जातील, पण पहिली नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, छपाईचा दोष. शेठ म्हणाले, बाईंचा दोष. मॅडम म्हणाल्या, "मला ट्रक भरताना पहिल्यापासून बघू द्या." आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. ट्रक लागला. पहिली गुंडाळी हमालाच्या खांद्यावर जायच्या आधी अक्का टेबलावरून उठल्या, कोनाड्यातला करंडा घेतला आणि गुंडाळीला हळद-कुंकू लावलं. नेमकं लेबलावर, कारण गावाचं नाव तिथंच. हे आम्ही रोज बघत होतो! पहिल्या नगाला टिळा लावल्याशिवाय आमच्याकडं ट्रक हललाच नव्हता कधी. पण डोळ्यांना इतकी सवय झाली होती की ते कोणाला दिसतच नव्हतं. मॅडमनी नळीचा तांबडा उजेड त्या कुंकवावर धरून दाखवला. तांबड्या उजेडात तांबडं आणि पिवळं दोन्ही पांढरं होऊन जातं. टिळ्याखालच्या काड्या यंत्राच्या लेखी पुसल्याच जायच्या.

अक्कांना हे पटेना. "माणूसले दिखस, मंग हाई मशीनले काबरं दिखत नही?" शेठ मात्र भडकले. "बंद! उद्यापासून कुंकू बंद! या बायकांनी माझं दिवाळं काढलं." अक्कांचा चेहरा उतरला. "गावले जाणार शे तो. त्याले असाच कोरडा धाडू का?" एवढंच म्हणाल्या आणि करंडा पदराखाली घेतला. मी मनात म्हटलं, संपलं, आता ठेकेदार आला.

तेव्हा मॅडम जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. "शेठ, आम्ही बौद्ध. आमच्या घरात टिळा, नारळ काही नाही. मी स्वतः हे मानत नाही, आणि अक्कांना मी ते सांगितलंही आहे. पण इथं टिळा लागतो, हे खरं आहे. यंत्राला मी खरं तेच शिकवणार. आज कुंकू बंद कराल. उद्या पावसाचा थेंब पडेल, परवा हमालाची तंबाखू सांडेल. कशाकशाला फर्मान काढणार?" शेठ म्हणाले, "निदान बाजूला लावा." अक्कांनी दोन-चार दिवस टिळा बाजूला लावला. मग एक दिवस घाईगर्दीत बोट आपसूक लेबलावर गेलं, आणि पुढं ते तिथंच जात राहिलं. सवय ती सवय.

मग आमच्या डिस्पॅचमध्ये जे झालं ते बघण्यासारखं होतं. मॅडम म्हणाल्या, "अक्का, आता भरपूर लावा. जाड लावा, पुसट लावा, आडवं, उभं, ओल्या बोटानं, कोरड्या बोटानं." सगळ्या बायका गोल करून बसल्या. मधे हळदीची वाटी, कुंकवाची वाटी, लेबलांची रास. जिच्या-तिच्या तोंडाला चेव आलेला. कोण म्हणतंय माझी सासू असं लावते, कोण म्हणतंय आमच्या पिंपळनेरकडं असं लांब ओढतात. तेवढ्यात शेठ आत आले. "हे काय? कारखान्यात हळदीकुंकू चाललंय?" मॅडमचे हात कोपरापर्यंत लाल. त्या शांतपणे म्हणाल्या, "अभ्यास चाललाय, शेठ." शेठ तोंडात मारल्यासारखे परत गेले, आणि ते गेल्यावर बायका अशा हसल्या की बाजूच्या खात्यातली यंत्रमागावरची पोरं डोकावायला आली.

यंत्र टिळ्याखालचं वाचायला शिकलं. सगळं नाही, पण बरंच. एक काडी दबली तर आजूबाजूच्या काड्यांवरून ते अंदाज बांधायचं, जसं आपण पावसात भिजलेलं पत्र वाचतो तसं. लोडशेडिंगनं मधे एकदा घात केला. शिकवणी चालू असताना वीज गेली आणि यंत्र सारं विसरून बसलं. मी दातओठ खाल्ले. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या, बराच वेळ. मला वाटतं रडल्या असाव्यात. वळल्या तेव्हा म्हणाल्या, "चला, पुन्हा बागेत." त्या दिवसापासून मात्र शिकवणी चालू असताना थोड्या थोड्या वेळानं सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवायच्या. मला त्यांची पाठमोरी आकृती आठवते आणि आजही वाईट वाटतं. आम्ही तेव्हा साधा चहासुद्धा विचारला नाही.

हंगाम संपत आला तेव्हा शेठना दाखवायचा दिवस ठरवला. एकेक गुंडाळी रुळांच्या टेबलावरून सरकत वर बसवलेल्या नळीखाली आली, यंत्र टुक टुक वाचत गेलं. शेठचा चेहरा फुलला. मी तर हवेतच. आणि एकाएकी पडद्यावर असा एक नंबर आला की तो कुठल्याच मालाचा नव्हता. गुंडाळीकडं बघितलं तर लेबल नव्हतंच! हमालानं लेबल न चिकटवलेली चटई टेबलावर टाकली होती, आणि पिशवी फाटल्यामुळं आतल्या चटईचे काळे-पांढरे पट्टे दिसत होते. यंत्रानं चटईची नक्षीच वाचून टाकली होती. आणि नंबर दिला होता एकदम छातीठोक! अक्का उसळल्या, "हाई तं पटापट खोटं बोलस!"

शेठ तसेच निघून गेले. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी धीर द्यायला गेलो, "एवढं तेवढं चालायचंच." त्यांनी मान हलवली. "नाही, भाऊ. न वाचणं परवडलं, पण हे नाही. अशानं मस्कतचा माल नैरोबीला जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. चूक माझी आहे. मी याला उत्तरं द्यायला शिकवलं, 'माहीत नाही' म्हणायला शिकवलंच नाही." मग जरा हसल्या. "आमच्या कॉलेजातही हेच. तोंडी परीक्षेत पोरं काहीही ठोकून देतात, पण येत नाही असं म्हणत नाहीत. मी त्यांना ओरडते. आणि इथं मी स्वतः काय केलं?"

पुढचे काही दिवस त्या उलटी रद्दी गोळा करत हिंडल्या. म्हणजे जिथं लेबल नाहीच अशा वस्तू. पट्ट्यांच्या चटया, खिडकीच्या गजांची सावली, अक्कांच्या लुगड्याचा काठ, माझा रेघांचा शर्ट. माझा शर्ट अंगातच होता, त्यावरून नळी फिरवताना मला गुदगुल्या झाल्या आणि हमालांची हसून पुरेवाट झाली. या सगळ्यांपुढं अक्कांनी एकच उत्तर द्यायचं, की हे काही नाही. आणि यंत्राला खात्री नसेल तर त्यानं अंदाज ठोकायचा नाही. थांबायचं, घंटी वाजवायची, माणसाची वाट बघायची. माणूस येऊन नंबर देईल, तो यंत्रानं लक्षात ठेवायचा आणि त्यातून शिकायचं.

मुंबईचा एजंट स्वतः आला तो दिवस माझ्या आयुष्यातला मोठा. ट्रक लागला, टिळा लागला, पहिली गुंडाळी गेली. टुक! अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. माल जात राहिला. कुठं कुठं यंत्र थांबलं, घंटी वाजली, पडद्यावर इंग्रजीत 'एरर' आलं, अक्कांनी 'उनी, उनी', म्हणजे आले आले, करत जाऊन आकडे मोठ्यानं म्हणत नंबर दिला, पुन्हा चालू. एजंटनं मुंबईला माल उतरवून मोजला आणि एसटीडीवरून शेठना फोन केला. सगळा माल बरोबर. शेठनी पेढे वाटले. मॅडमनी एक पेढा घेतला आणि एक रुमालात बांधला, चाळीसगावला आईसाठी. "तिला वाटतं, मी इथं कचरा वेचते. तिला सांगते, कचऱ्याला पेढा मिळाला."

इथं गोष्ट गोड संपली असती. पण शेठ शेवटी शेठ. पेढ्यांचा पुडा रिकामा व्हायच्या आत मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "चौधरी, आता मशीन वाचतंय ना? मग त्या बायकांचं काम उरलंच काय? लेबल चिकटवायला ठेकेदाराची दोन माणसं पुरे." मी सुन्न झालो. मशीन वाचलं नसतं तर त्या जाणार होत्या, आणि वाचलं म्हणून आता जाणार! ज्या अक्कांनी त्याला बोट धरून आकडे शिकवले, त्यांनाच ते घराबाहेर काढणार.

तोवर मॅडमना धुळ्याच्या कॉलेजात विभागप्रमुखाची जागा मिळाली होती. निरोप घ्यायला आल्या त्या दिवशी मी त्यांना फाटकाशीच गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता वाघिणीसारख्या शेठवर धावून जातील, त्यांचं शेठ ऐकतात. त्यांनी ऐकता ऐकता डोक्याचा रुमाल सोडला. मग म्हणाल्या, "मला शंका होतीच, भाऊ. शेठशी भांडून मी आज जिंकेन, आणि उद्या मी इथं नसेन." आणि सरळ कॉम्प्युटरपाशी जाऊन बसल्या. अर्धा-पाऊण तास काहीतरी टकटक करत होत्या. मला राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. म्हटलं, या शिकलेल्या माणसांचं हे असंच, शेवटी आपलं यंत्र आणि आपण.

उठल्या तेव्हा अक्कांना मिठी मारली. अक्का रडत होत्या. मॅडम म्हणाल्या, "रडू नका अक्का. तुम्हना विद्यार्थी हुशार शे." माझ्याकडं वळून हात जोडले. "येते, भाऊ. चूक झाली की फेकू नका, कोणीतरी ती मागायला येईल." मोपेडवर बसल्या, डोक्याला रुमाल आवळला, आणि गेल्या. तेव्हा फोनही घरोघर नव्हते. दिवाळीला एखादं शुभेच्छापत्र यायचं, नंतर तेही थांबलं. ऐकलं होतं की धुळ्याहून पुढं कुठं मोठ्या संस्थेत गेल्या. गेल्या असणारच.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ डिस्पॅचमध्ये आले. ठेकेदार बाहेर ओट्यावर बसलेला. बायकांना कुणकुण लागली होती. टेबलावर कागद सोलल्याचा आवाज तेवढा येत होता. अक्कांनी मान वर केली नाही. शेठनी घसा साफ केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि घंटी वाजली.

रुळांवर एक गुंडाळी थांबली होती. पिशवीला घडी पडून लेबल आत दुमडलं होतं, वर कुंकवाचं बोट. ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. शेठ जवळच उभे होते, म्हणून तेच पडद्याकडं वाकले. तिथं रोजचं 'एरर' नव्हतं. इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत एक ओळ होती. शेठनी ती आधी ओठांतल्या ओठांत लावली, मग अडखळत मोठ्यानं वाचली.

"अक्का... हाई काय शे?"

बायकांनी माना वर केल्या. शेठनाही वाटलं असावं की आपण काहीतरी भलतंच वाचलं. पुन्हा वाकले, पुन्हा वाचलं. या वेळी सरळ, न अडखळता, चक्क विचारल्यासारखं. "अक्का, हाई काय शे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काल मी त्या बाईंना मनातल्या मनात काय काय बोललो होतो! शेठ सरळ उभे राहिले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "कारखाना माझा, मशीन माझं, आणि हे विचारतंय अक्कांना!" आणि हसले. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं नोकरी केली, पण तसं मोकळं हसताना त्यांना तेवढं एकदाच बघितलं. "चौधरी, त्या ठेकेदाराला चहा पाजा आणि वाटेला लावा," असं म्हणून त्यांनी स्वतःच टेबलाकडं बघून हाक मारली, "अहो अक्का, या. तुम्हाला बोलावतंय."

अक्का उठल्या. हाताचा डिंक पदराला पुसला, आणि शेठकडं न बघता त्या यंत्रालाच म्हणाल्या, "उनी रे बाबा, उनी."